साडेपाचशे अंशांवर हरवलेली पूड

१

मूस रिकामी निघाली. नुसती रिकामी नाही, आतून पांढरीशुभ्र, दुकानातून आत्ताच आणल्यासारखी.

आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता त्या मुशीत, म्हणजे भट्टीत तापवायच्या चिनीमातीच्या वाटीत, युरिया भरून, वर झाकण ठेवून, ती भट्टीत ठेवली होती. भट्टी साडेपाचशे अंशांवर चार तास राहणार, मग आपोआप बंद होऊन निवणार आणि सकाळी नऊला मुशीतून पिवळी पूड निघणार, असं ठरलेलं. ही पूड रंगाने खराब झालेल्या पाण्यात टाकायची आणि वर साधा दिवा लावायचा. तासाभरात पाण्याचा रंग उडतो. सोमवारी बाहेरची एक समिती हे बघायला येणार होती. भट्टीच्या खोलीला कुलूप होतं, चावी एकच होती आणि ती माझ्या धाकट्या भावाच्या खिशात होती.

दहाच्या सुमारास त्याचाच फोन आला. "ताई, एका कागदावर सही करायला सांगतायत. करू का?"

"कसला कागद?"

"मी आपणहून नोकरी सोडतोय, असा."

माझं डोकं सणकलं. "पेन खाली ठेव," म्हटलं. "मी येईपर्यंत सही तर सोड, शिंकूसुद्धा नकोस."

वीस मिनिटांत पोचले. प्रयोगशाळेत त्याला सगळे मामा म्हणतात. सत्तावीस वर्षं तो तिथे चाव्या सांभाळतो, भट्टीवर लक्ष ठेवतो, वापरलेल्या मुशा धुऊन फळीवर लावतो. जिन्याखालच्या बाकावर तो बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

"चोरलीस?" मी विचारलं.

"काहीतरीच काय ताई!"

"मग सहीची एवढी घाई कशाला?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "चोरली नाही गं. पण मीच सांडून टाकली असेन तर? सकाळी आठला मी आत जातो. मुशा उचलायच्या, धुवायच्या, नव्या ठेवायच्या, हात आपोआप चालतात. आजही आत गेलो होतो. काय केलं ते नीट आठवत नाही. गेल्या आठवड्यात चष्मा फ्रीजमध्ये सापडला. परवा एकच दूध दोनदा तापवलं. ताई, बाबांचं असंच सुरू झालं होतं ना?"

आमचे वडील शेवटची चार वर्षं स्वतःच्याच घराची बेल वाजवून, "इथे कोण राहतं हो?" असं विचारायचे. दार मीच उघडायचे.

म्हणजे प्रश्न नोकरीचा नव्हता. भावाने त्या कागदावर सही केली असती तर ती 'माझं डोकं कामातून गेलंय' या गोष्टीवरची सही होती, आणि एकदा ती केली की तो पुन्हा स्वतःवर कधीच विश्वास ठेवणार नव्हता. मी त्याला ओळखते.

"ऊठ," मी म्हटलं. "तुझे साहेब कुठे बसतात ते दाखव."

२

माझ्याबद्दल दोन शब्द. टाइल्सच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी भट्टीवर होते, त्यातली शेवटची बारा मुख्य म्हणून. भट्टी खोटं बोलायला लागली की मला कळतं. माणसांचंही बऱ्यापैकी कळतं, पण माणसांना जरा जास्त वेळ द्यावा लागतो.

संचालकांना सगळे मोठे साहेब म्हणतात आणि ते अंगानेही मोठेच आहेत. खोली चकाचक होती. टेबलावर समितीसाठी छापायच्या माहितीपत्रकाचा नमुना पडला होता. पहिल्याच पानावर फोटो: साहेब भट्टीच्या बाजूला उभे, एक हात भट्टीवर, चेहऱ्यावर अभिमान, आणि भट्टी व भिंत यांच्यामधून खिडकीचा उजेड आलेला. फोटो छान होता, खोटं कशाला बोलू.

"बाई, मला मामांबद्दल वाईट वाटतं," साहेब म्हणाले. "पण तुम्हीच बघा. त्या मुशीत वर्षभर तेच काम होतंय. आत पिवळे डाग पडलेत, घासून निघत नाहीत. आज जी मूस सापडली तिला एक डाग नाही. म्हणजे पूड असलेली मूस गेली आणि तिच्या जागी कोरी आली. शेजारी नंबराचा अ‍ॅल्युमिनियमचा बिल्ला ठेवतात, तोही गायब. कोऱ्या मुशा कोठारात असतात. कोठाराची चावी कुणाकडे? मामांकडे. भट्टीच्या खोलीची? मामांकडे."

"आणि भट्टी?" मी विचारलं. "ती नीट तापली होती?"

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. भट्टी स्वतःचं तापमान दर मिनिटाला नोंदवते. रेघ चढत जाऊन पाचशे पन्नासवर पोचली होती आणि चार तास तिथेच राहिली होती, इकडची तिकडे न होता.

"शिवाय मामा खोटं बोलतात," साहेब म्हणाले. "म्हणे बुधवारी टायटॅनियमवाल्यांनी, म्हणजे आमच्या दुसऱ्या संशोधकांनी, भट्टी वापरली, म्हणजे चावी त्यांच्याकडेही होती. भट्टीच्या वहीत बुधवारचं पान कोरं आहे. टायटॅनियमवाले स्वतः म्हणतात, मी भट्टीला हात लावला नाही."

भावाचा चेहरा पडला. आपल्याला बुधवारही धड आठवत नाही, असं त्याला वाटलं असणार. मला त्या साहेबांना तिथल्या तिथे चार शब्द सुनावावेसे वाटले, पण मी गिळले.

"पोलिसांना बोलावलंत?"

साहेब चुळबुळले. सोमवारी समिती येणार आणि शुक्रवारी दारात पोलिसांची गाडी, हे त्यांना परवडणारं नव्हतं.

"मग मला पाच वाजेपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं. "पाचला मी तुमची पूड कुठे गेली ते सांगेन. नाही सांगता आलं तर भावाच्या कागदावर साक्षीदार म्हणून मी सही करीन."

भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. पैज जरा मोठी लागली होती, हे मलाही बाहेर आल्यावर जाणवलं.

३

भट्टीची खोली म्हणजे खोली कसली, मोठं कपाटच. कोपऱ्यात एक लोखंडी टेबल, त्यावर भट्टी, दोन्हीकडून भिंतीला चिकटलेली, बाजूची खिडकी तिच्याआड झाकलेली. मी आत शिरले तर भावाला बाहेर उभं राहावं लागलं. भट्टीचा तापमान दाखवणारा डबा मागच्या भिंतीवर ठोकलेला होता आणि त्यातून एक वायर भट्टीच्या पाठीमागे गेली होती.

मूस आणि झाकण अजून आतल्या विटेवर होतं. मी दोन्ही बाहेर काढून उजेडात धरलं. आत खरखर नाही, ओरखडा नाही, पुडीचा एक कणही नाही. घाईत मूस उलटी करणारा चोर चार कण तरी सांडतो. झाकणही असंच स्वच्छ होतं, फक्त त्याच्या कडेला नखाएवढा टवका उडालेला बोटाला लागला.

"तू कोऱ्या मुशीवर टवका उडालेलं झाकण ठेवशील का रे?" मी विचारलं.

"छे! फुटकं झाकण मी फळीवरच ठेवत नाही. ही पूड करणाऱ्या युरियाबाई तेवढ्या एक वापरतात, टाकू देत नाहीत."

"मग घाबरतोस कशाला? हातांना सवय असेल तर चांगलीच सवय आहे ना?"

त्याला पटलं नाही. मन घाबरलेलं असलं की माणूस कुणाचंच ऐकत नाही.

मी आतली वीट उचलली. खाली, भट्टीच्या तळाला, काहीतरी चकाकत होतं. चिमट्याने काढलं तर रुपेरी रंगाचा एक चपटा, सुरकुतलेला गोळा निघाला, फुटाण्यापेक्षा थोडा मोठा. तळहातावर घेतला तर वजनच लागेना.

"चांदी?" भावाने मान आत घातली. "कुणाच्या दागिन्याचं असेल का?"

"एवढी हलकी चांदी कुणाच्या अंगावर असते?" मी तो रुमालात बांधला. मला त्याचं नाव माहीत होतं, पण एका माणसाशी बोलल्याशिवाय ते तोंडातून काढायचं नव्हतं.

बाहेर पडताना टेबलाच्या पत्र्याकडे लक्ष गेलं. भट्टीचे चार पाय वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून पत्र्यावर चार काळपट चौकोन उमटले होते. पाय आता त्या चौकोनांवर नव्हते. बोटभर बाजूला सरकले होते.

"भट्टी कुणी हलवली रे?"

"भट्टी? ती कोण हलवतंय? पन्नास किलोचं धूड आहे."

भाऊ खरं बोलत होता, पण पत्राही खोटं बोलत नव्हता.

४

युरियाबाई हे नाव तिला भावानेच दिलं होतं, कारण ती संशोधनासाठी युरियाच्या थैल्या मागवते आणि शेती मात्र कुंडीभरही करत नाही. तिशीची, चटपटीत मुलगी. डोळे रडून सुजले होते, पण तक्रार एकच होती. "मामांनी केलं असं मी म्हटलेलंच नाही हो. साहेबांनी परस्पर ठरवलं."

"ते जाऊ दे. मला तुझी पूड समजावून सांग. मी टाइल्स भाजलेली बाई आहे, सोपं करून सांग."

तिचा चेहरा उजळला. कामाबद्दल विचारलं की चांगली माणसं दुःख विसरतात.

"माल एकच, मावशी. युरिया. पण भाजायची पद्धत बदलली की पूड बदलते. झाकण नसेल तर सगळा वाफ होऊन जातो, हाती काही लागत नाही. भट्टी घाईने तापवली तर ढेकळं होतात, सावकाश तापवली तर हलके पापुद्रे सुटतात. पापुद्रे जितके पातळ तितकी पाण्याला लागणारी जागा जास्त आणि काम जास्त. पाचशे अंशांवर पूड फिकट, अर्धवट. साडेपाचशेला लिंबासारखी पिवळी, झकास. पिवळी म्हणजे ती दिव्याच्या उजेडातला निळा भाग गिळते, आणि त्याच जोरावर पाण्यातला रंग तोडते. मी वर्षभर एवढंच केलं, दहा-दहा अंशांनी पुढे सरकत."

"साडेपाचशेच्या पुढे गेलीस?"

"सहाशेला गेले होते एकदा. काम फक्कड करते, पण उरते चमचाभरच. बाकीची हवेत जाते. म्हणून साडेपाचशेला थांबले."

"आणि सहाशेच्याही पुढे?"

"पुढे कोण जातंय, मावशी? उगाच युरिया जाळायचा."

मी मान डोलावली. "झाकण कुठलं वापरतेस?"

"टवका उडालेलं. माझ्याच हातून पडलं होतं. पण ते मुशीवर इतकं नेमकं बसतं की दुसरं नकोच वाटतं. आतून पार पिवळं झालंय बिचारं."

"कालही पिवळं होतं?"

"हो, काल दुपारी मीच ठेवलं ना."

आता सांगा. साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे चोराने कोरी मूस ठेवली. ठीक. मग हे झाकण? तेच झाकण, तोच टवका, काल पिवळं आणि आज पांढरं. घासून न निघणारा डाग कुणी आणि कसा काढला? मी तिला तेव्हा काही बोलले नाही. आणखी एक गोष्ट विचारायची होती.

"बुधवारी तुझे टायटॅनियमवाले भट्टीवर होते का?"

ती खाली बघत म्हणाली, "वहीत नाही म्हणजे नसतील."

"वहीत सगळं असतं?"

"म्हणजे…" ती ओशाळली. "फसलेली बॅच कोण लिहितं, मावशी? मीही नाही लिहीत. वही साहेब बघतात, पाहुणे बघतात. फसलं की माणूस गुपचूप टाकून देतो आणि पुन्हा करतो. इथे सगळेच तसं करतात."

आमच्या कारखान्यात फुटलेली टाइल आधी लिहायची, मग चांगली. हे मोठ्या शिक्षणाचे लोक बरोबर उलटं करत होते. मी तडक टायटॅनियमवाल्यांकडे निघाले.

५

टायटॅनियमवाले चाळिशीचे, नीटनेटके, खिशाला तीन पेनं. फळीवर ओळीने बरण्या, सगळ्यांत फिकट पिवळी पूड, प्रत्येकीवर तारीख आणि तापमान. त्यांचा माल मुळात पांढरा. त्यात थोडा नायट्रोजन मुरवून साडेचारशे अंशांवर भाजला की तो पिवळसर होतो आणि साध्या उजेडात काम करतो, असं त्यांनी मला दहा मिनिटं समजावलं. माणूस हुशार होता. मी ऐकत होते आणि खाली टाकाऊ मालाच्या बरणीकडे बघत होते.

"ही पांढरी कसली हो?"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "तो कच्चा माल आहे."

"कच्चा माल टाकाऊच्या बरणीत?"

"चुकून पडला असेल."

"चुकून पडलेल्या मालावर तुम्ही तारीख लिहिता?" बरणीत पुडीबरोबर कागदाची एक चिठ्ठी चुरगळून टाकली होती, काचेतून अर्धी दिसत होती. तारीख बुधवारची होती. तापमान साडेचारशे.

आता ते वळले. तोंडचं पाणी पळालेलं स्पष्ट दिसत होतं.

"हे बघा," मी म्हटलं, "मला तुमच्या पुडीचं काही करायचं नाही. माझा भाऊ खाली बाकावर बसलाय. बुधवारी तुम्हाला चावी दिली असं तो म्हणतो, तुम्ही नाही म्हणता, वही कोरी आहे. तो आता स्वतःलाच विचारतोय की आपलं डोकं फिरलंय का. एका पांढऱ्या पुडीसाठी एवढं करायचं का हो तुम्ही?"

ते खुर्चीत बसले. आतला माणूस वाईट नव्हता, भित्रा होता, आणि भित्र्या माणसाने केलेलं नुकसानही नुकसानच असतं.

"बुधवारी भट्टी मी लावली होती," ते म्हणाले. "मामांनीच चावी दिली. साडेचारशे, दोन तास, नेहमीसारखं. बाहेर काढली तर पांढरीफटक. नायट्रोजन सगळा उडून गेलेला. हे मी छापून बसलोय हो, साडेचारशेला पिवळी होते म्हणून! समिती सोमवारी येणार. मला वाटलं, माझंच मिश्रण चुकलं. टाकून दिली आणि गप्प बसलो."

"तुमचा पिवळेपणा किती अंशांना उडतो?"

"सहाशेच्या घरात."

"आणि भट्टीवरचा आकडा काय सांगत होता?"

"साडेचारशे. सरळ रेघ." ते बोलता बोलता थांबले. माणूस हुशार आहे म्हटलं ना मी. त्यांच्या डोक्यात तेच आलं जे माझ्या डोक्यात केव्हाचं आलं होतं.

"पण मामा चोर ठरत होते तेव्हा हे तुमच्या लक्षात आलं नाही," मी म्हटलं, आणि घरी जाऊन माझा जुना डबा घेऊन आले.

६

डब्यात शंकू होते. भट्टीवाल्यांना ते माहीत असतात, बाकीच्यांसाठी सांगते. मातीचे बोटभर सुळके, प्रत्येक सुळका ठरावीक उष्णतेला मान टाकतो. त्यांना वायर लागत नाही, वीज लागत नाही, आणि साहेबाला काय आवडेल याची त्यांना पर्वा नसते.

सव्वादोन वाजता सगळ्यांच्या देखत मी चार शंकू विटेवर उभे केले. सहाशे, साडेसहाशे, सातशे आणि साडेसातशेचा. भट्टीवर आकडा लावला साडेपाचशेचा.

"साडेपाचशेला यातला एकही वाकणार नाही," साहेब म्हणाले.

"बरोबर. नाही वाकला तर मी सही करते."

आम्ही वाट बघत बसलो. भाऊ जिन्यावर, त्याच्याशेजारी युरियाबाई, टायटॅनियमवाले उभेच. आकडा पाचशे पन्नासवर पोचला आणि तिथेच राहिला. साडेचारला मी भट्टी बंद करून हातमोजे घातले आणि दार फटीएवढं उघडलं.

आतून लाल उजेड आला, चांगला डाळिंबी. साडेपाचशेला भट्टी जेमतेम काळपट लाल दिसते, तेही अंधारात. ही खोली दिव्यांनी उजळलेली होती आणि तरी साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर लाली पडली.

सहाशेचा शंकू आडवा झाला होता. साडेसहाशेचाही. सातशेचा टोकापासून वाकून विटेला टेकला होता. फक्त साडेसातशेचा सरळ उभा होता.

"आकडा पाचशे पन्नास," मी म्हटलं, "आणि आत सातशेच्या वर. पोरी, तुझी पूड सातशेला काय करेल?"

युरियाबाईने तोंडावर हात ठेवला. "उडून जाईल. सगळी. एक कण उरणार नाही."

"आणि मुशीवरचे डाग?"

"तीच तर पूड आहे मावशी, चिकटून बसलेली. तेही जळून जातील."

"म्हणून मूस कोरी दिसली आणि झाकणही. मूस बदललेली नाही, कारण टवक्याचं झाकण तेच आहे. आणि हा तुमचा बिल्ला, साहेब." मी रुमाल सोडून तो हलका गोळा त्यांच्या हातावर ठेवला. "अ‍ॅल्युमिनियम सहाशे साठला वितळतं. साडेपाचशेला ते कधीच वितळलं नसतं. पूड चोरीला गेली नाही. ती भट्टीतच हवा झाली."

"पण भट्टीचा आकडा…" साहेब चाचरले.

"भट्टीचा आकडा कुठून येतो? मागच्या भोकातून आत गेलेल्या एका दांडीच्या टोकाकडून. ते टोक मधल्या जागेत असेल तर खरं सांगतं. ते मागे सरकून भिंतीच्या विटेत लपलं तर त्याला कमी उष्णता लागते. मग भट्टीला वाटतं, अजून तापले नाही, आणि ती तापतच राहते." मी पर्समधला छोटा आरसा भट्टी आणि भिंतीच्या फटीत धरला. दांडीचा जो भाग पूर्वी आत असायचा तो काळवंडलेला होता, आणि त्यातला तीन बोटं भाग आता बाहेर लटकत होता.

"वायर आखूड आहे," मी पुढे म्हटलं. "डबा भिंतीवर ठोकलेला. भट्टी पुढे ओढली की वायर ताणते आणि दांडी बाहेर येते. भट्टी परत मागे ढकलली की वायर सैल पडते, दांडी मात्र आपोआप आत जात नाही. टेबलावरचे पायांचे ठसे सांगतायत की भट्टी हलली. आता प्रश्न एवढाच, की कुणी हलवली."

मी माहितीपत्रकाचा नमुना पर्समधून काढला. साहेबांच्या टेबलावरून मी तो न विचारता उचलला होता, ते माझं चुकलं.

"या खोलीत भट्टीच्या बाजूला मांजर उभं राहू शकत नाही, साहेब. तुम्ही उभे आहात. भट्टी आणि भिंतीच्या मधून खिडकी दिसतेय. म्हणजे या फोटोसाठी भट्टी हातभर पुढे ओढली होती. कोणत्या दिवशी, तेवढं सांगा."

जिन्यावरून भाऊ सावकाश म्हणाला, "मंगळवारी. साहेब आणि फोटोवाला आत होते, अर्धा तास. जागा नव्हती म्हणून मला बाहेर थांबवलं. काहीतरी घासल्याचा आवाज आला होता, मला वाटलं टेबल सरकवतायत." तो थांबला आणि मग एकेक शब्द तपासून बघत असल्यासारखा म्हणाला, "बुधवारी चावी टायटॅनियमवाल्यांना दिली. सकाळी साडेदहाला. गुरुवारी युरियाबाई, तीनला."

"बरोबर आहे मामा," टायटॅनियमवाले म्हणाले. त्यांनी भट्टीची वही उघडली, बुधवारच्या कोऱ्या पानावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलंही. "साडेचारशे अंश, दोन तास, पूड पांढरी, बॅच फसली. सही माझी." उशिरा का होईना, पण त्यांनी लिहिलं, हे मी मानते.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "म्हणजे चोरी झालीच नाही. चांगलंच झालं. विषय संपला. मामा, तो कागद फाडून टाका."

"असा नाही संपत," मी म्हटलं. "सकाळी सगळ्यांसमोर चोर म्हणालात. आता सगळ्यांसमोर सांगा, काय झालं ते."

साहेबांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा लाल भट्टीकडे पाहिलं. मग ते बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले. सगळ्यांना हाक मारली. म्हणाले, "भट्टी मी फोटोसाठी हलवली. तिचं मोजमाप त्यामुळे चुकलं. पूड जळून गेली आणि दोष मामांवर ठेवला. मी चुकलो." चार वाक्यं होती, पण एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून मी ती पहिल्यांदाच ऐकली.

लोक भावाच्या पाठीवर थाप मारायला लागले. युरियाबाईने त्याचा हात धरला आणि आता दांडी नीट बसवून साडेपाचशेला पुन्हा करू या, म्हणून त्याला मदतीलाही जुंपलं. तो हसत होता, हो हो म्हणत होता, पण त्याची नजर माझ्यावर होती. गर्दी पांगली तसा तो माझ्याजवळ आला आणि अगदी हळू म्हणाला,

"ताई, मग मी ती धुतली नव्हती?"

"नव्हती रे."

"नक्की?"

"धुवायला आत काही उरलंच नव्हतं."

तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि माझ्या पदरात तोंड खुपसून रडला. साठीला आलेला माणूस, सगळ्या प्रयोगशाळेचा मामा. मीही रडले. मग मी त्याला म्हटलं की चष्मा फ्रीजमध्ये ठेवणारे लोक जगात पुष्कळ असतात, त्यातला एक आमच्या घरी आहे, माझा नवरा, आणि त्याला अजून कुणी चोर म्हटलेलं नाही.